कोडं अडलं की आधी मोजा, मग आडवाटेला लागा

तीन बटणं आणि एक बल्ब हे कोडं मला पहिल्यांदा आतेभावाने घातलं होतं आणि नंतर तीन दिवस मी त्याच्याशी धड बोललो नव्हतो. कोडं असं आहे. खोलीच्या बाहेर तीन बटणं आहेत, आत एकच बल्ब आहे, तीनपैकी एकच बटण त्या बल्बचं, बाकी दोन कशालाच जोडलेली नाहीत. दार बंद आहे, फटीतून उजेड वगैरे काही दिसत नाही. बाहेर उभं राहून बटणं हवी तितक्या वेळा खालीवर करा, पण आत एकदाच जायचं आणि दार उघडलं की मग बटणांना हात लावायचा नाही. सांगा, बल्बचं बटण कोणतं?

मी काय केलं माहितीये? आधी म्हणलं भिंतीला भोक पाडू. मग म्हणलं आत कोणाला तरी उभं करू आणि त्याला ओरडायला सांगू. मग आरसा. मग मोबाईल आत ठेवून व्हिडिओ कॉल. आतेभाऊ प्रत्येकाला नाही म्हणत होता आणि हसत होता, आणि मला वाटत होतं की लॅटरल थिंकिंग लॅटरल थिंकिंग म्हणतात ते हेच, सुचेल ते बोलत सुटायचं, कधीतरी लागेलच. आता बरीच कोडी सोडवून झाल्यावर (आणि त्याहून जास्त कोड्यांची उत्तरं गुपचूप बघून झाल्यावर) एवढं कळलंय की ते तसं नसतं. आडवं जायचं असेल तर आधी सरळ रस्त्याने पार भिंतीपर्यंत जावं लागतं, भिंत नेमकी कुठे आहे त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे, मग कुठून वळायचं ते बऱ्याचदा भिंतच सांगते.

शब्दाबद्दल एक ओळ सांगून पुढे जातो. लॅटरल थिंकिंग हा शब्द एडवर्ड डी बोनो या मूळच्या माल्टाच्या डॉक्टरने १९६७ मध्ये आणला. आपल्याकडे नाकासमोर चालणं म्हणतात ना, त्याच्या उलट. नाकासमोरचा विचार एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढतो, आडवा विचार म्हणतो की अरे पण जिना हाच कशावरून?

पहिली पायरी: कोडं हाताने उतरवून काढा

हे वाचून बरेच जण म्हणतील की हे काय सांगायचं झालं का, पण निम्मी कोडी इथेच अडतात. आपण कोडं ऐकतो आणि डोक्यात ठेवताना त्याचे शब्द बदलून ठेवतो, आणि ते बदललेत हे आपल्याला कळतही नाही. बल्बच्या कोड्यात अट होती "आत एकदाच जायचं". मी तीन दिवस डोक्यात काय घोळवत होतो, तर "आत एकदाच बघायचं". एका शब्दाचा फरक आहे पण सगळं कोडं त्या फरकात बसलेलं आहे, कारण आत गेल्यावर माणूस फक्त बघत नाही, त्याला नाक असतं, कान असतात, हात असतात. कोडं घालणाऱ्याने हात बांधले नव्हते, ते मीच बांधून घेतले होते.

म्हणून कागद घ्या आणि कोडं जसंच्या तसं लिहा, शब्द न शब्द. कोणी तोंडी घातलं असेल तर त्याला परत म्हणायला लावा, लाजू नका. मोबाईलवर टाईप केलं तरी चालेल पण मला स्वतःला पेनाने लिहिलेलं जास्त उपयोगी पडतं, कारण पुढच्या पायरीत बरीच खाडाखोड आहे.

दुसरी पायरी: दोन रकाने

कागदाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे लिहा "कोड्यात आहे", उजवीकडे लिहा "मी घातलंय". डावा रकाना सोपा, वाचून भरायचा. उजवा रकाना अवघड, कारण आपण गृहीत काय धरलंय ते आपल्यालाच दिसत नाही, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो भरायची एक युक्ती आहे. जी चाल तुम्हाला वेडगळ वाटली म्हणून सोडून दिली त्या प्रत्येक चालीपुढे "का नाही?" असं लिहा आणि उत्तर डाव्या रकान्यात सापडतंय का बघा. सापडलं तर ती खरंच बाद. नाही सापडलं तर ती मनाई तुमची स्वतःची आहे, टाका तिला उजवीकडे.

बल्बचा माझा उजवा रकाना शेवटी असा भरला: बल्बकडे फक्त बघायचं. एकदा चालू केलेलं बटण चालूच ठेवायचं. वेळेचा काही संबंध नाही, बटण दाबलं की लगेच आत जायचं. बल्ब उंच आहे, हात पोचणार नाही. आता यातलं एक तरी कोड्यात होतं का? एकही नव्हतं, सगळी माझ्या घरची भरती!

तिसरी पायरी: मोजा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा वेळ घालवतो.

बल्बचंच घ्या. शक्यता किती? तीन, पहिलं बटण, दुसरं किंवा तिसरं. आत गेल्यावर बल्ब मला किती प्रकारची उत्तरं देऊ शकतो? पेटलाय किंवा नाही, म्हणजे दोन. तीन शक्यता दोन उत्तरांत कशा बसवणार, कितीही डोकं लढवा, बटणं कशीही खालीवर करा, कुठल्या तरी दोन शक्यता एकाच उत्तरात कोंबल्या जाणारच. म्हणजे नुसतं डोळ्याने हे कोडं सुटणं अशक्य आहे, अवघड नाही, अशक्य. हे कळलं की एकदम हलकं वाटतं, कारण आता शोधायचं काय ते ठरलं. कोडं सुटतं असं गृहीत धरलं तर बल्बकडे तिसरं काहीतरी सांगण्यासारखं असलंच पाहिजे. "काहीतरी वेगळं सुचलं पाहिजे" हा प्रश्न नाही उरला, प्रश्न झाला "पेटण्या-विझण्याशिवाय बल्बचं अजून काय बदलतं?" हा दुसरा प्रश्न शाळकरी पोरगंही सोडवेल.

आता दुसरं उदाहरण, काड्यांचं. आगपेटीच्या सहा काड्या घ्या आणि चार समभुज त्रिकोण करा, प्रत्येक त्रिकोणाची बाजू पूर्ण एका काडीएवढी पाहिजे, काड्या मोडायच्या नाहीत. खरंच काड्या घेऊन बसा, वाचून सोडू नका. टेबलावर पाच काड्यांत दोन त्रिकोण होतात आणि मग एक काडी हातात राहते, आणि तिथून पुढे तासभर नुसती सरकवासरकवी चालते.

मोजू. चार त्रिकोण, प्रत्येकाला तीन बाजू, म्हणजे बारा बाजू. काड्या सहा. म्हणजे प्रत्येक काडी दोन त्रिकोणांची बाजू झालीच पाहिजे, एकही काडी एकाच त्रिकोणात अडकून चालणार नाही. आता टेबलावर काहीही आकृती करा, तिला बाहेरची कड असतेच, आणि कडेवरच्या काडीच्या एकाच अंगाला त्रिकोण असू शकतो, दुसरीकडे मोकळं टेबल. म्हणजे टेबलावर हे होणारच नाही. कड नसलेली आकृती हवीये. कड कशाला नसते? जी वस्तू सगळीकडून बंद असते तिला. तीन काड्यांचा त्रिकोण खाली ठेवा, उरलेल्या तीन त्याच्या तीन कोपऱ्यांवर उभ्या करून वर टोकं जुळवा, पिरॅमिड तयार, चार त्रिकोण. (टोकं जुळवायला थोडी माती किंवा च्युइंगम लागतं नाहीतर ते सारखं पडतं आणि चिडचिड होते.)

यात "थ्री डी मध्ये विचार करा" असा साक्षात्कार कुणाला व्हायची गरज पडली नाही हे लक्षात घ्या. बारा आणि सहा या दोन आकड्यांनीच टेबलावरून उचललं. आणि हो, कोणीतरी हुशार सहा काड्यांची चांदणी करून दाखवतोच, दोन त्रिकोण एकमेकांवर उलटे, त्यात बारके सहा त्रिकोण होतात, पण त्यांची बाजू काडीच्या एक तृतीयांश असते, म्हणून डाव्या रकान्यात "पूर्ण काडीएवढी बाजू" हे लिहिलेलं असणं महत्त्वाचं. ज्या कोड्यात ही अटच घातलेली नसेल तिथे चांदणी बरोबर आहे, तिथे भांडू नका.

चौथी पायरी: वस्तूला विचारा, तू अजून काय काय आहेस

मोजून कळलं की काहीतरी कमी पडतंय, आता ते कुठून आणायचं? कोड्यातली एकेक वस्तू घ्या आणि तिच्याबद्दल जे जे खरं आहे ते लिहून काढा, कामाचं बिनकामाचं बघू नका. बल्ब: काचेचा आहे, गोल आहे, फुटतो, काढता येतो, उजेड देतो, गरम होतो. थांबा. गरम होतो, आणि मुख्य म्हणजे विझवल्यावर लगेच गार होत नाही. म्हणजे मघाशी काय झालं होतं ते बल्ब लक्षात ठेवतो.

मग उत्तर असं. पहिलं बटण चालू करा, दहा मिनिटं थांबा, बंद करा. लगेच दुसरं चालू करा आणि आत जा. बल्ब पेटलेला असेल तर दुसरं बटण. विझलेला पण गरम असेल तर पहिलं. विझलेला आणि गार असेल तर तिसरं. बल्बला थेट पकडू नका, जुना फिलामेंटचा बल्ब चांगला चटका देतो, तळहात जवळ नेला तरी कळतं.

हे मी एकदा माझ्या भाच्याला मोठ्या थाटात सांगत होतो आणि तो मधेच म्हणाला, "मामा, पण एलईडी कुठे गरम होतो?"

मी म्हणलं, "होतो की, बुडाशी होतो, काचेपाशी नाही होत."

"मग तू काच चाचपून तिसरं बटण म्हणशील, आणि चुकशील."

बरोबर होतं त्याचं. कोडं फिलामेंटच्या बल्बच्या काळातलं आहे, त्या बल्बमध्ये वीज बहुतेक सगळी उष्णतेतच जायची, उजेड म्हणजे वरची कमाई. एलईडीत उष्णता कमी, आणि असते ती बुडाकडच्या भागात. तर आज कोडं घालताना जुना पिवळा बल्ब असं सांगायचं, नाहीतर असा एखादा भाचा भेटतो.

वस्तूला विचारण्याचं अजून एक जुनं आणि नामी उदाहरण म्हणजे कार्ल डुंकर या मानसशास्त्रज्ञाचं मेणबत्तीचं कोडं. एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली एक खोकी दिलीये, मेणबत्ती भिंतीवर लावायची आणि मेण खाली टेबलावर सांडू द्यायचं नाही. लोक मेणबत्तीलाच टाचण्या टोचत बसतात, किंवा मेण वितळवून भिंतीला चिकटवायला बघतात. उत्तर म्हणजे टाचण्या ओतून टाका, खोकी भिंतीला टाचा, झाली फळी, ठेवा तिच्यावर मेणबत्ती. यातली खरी गंमत पुढे आहे. टाचण्या खोकीबाहेर आणि खोकी रिकामी अशी मांडणी करून दिली की तेच कोडं जास्त लोकांना सुटायचं. वस्तू त्याच, फक्त भरलेली खोकी आपल्याला "टाचण्यांची जागा" दिसते आणि रिकामी खोकी "खोकी" दिसते. म्हणून यादी करताना नावं सुद्धा मोडून लिहा. टाचण्यांची खोकी असं नको, पुठ्ठ्याची चौकोनी वस्तू, आतून पोकळ, असं लिहा. लिहिताना येडचाप वाटतं, पण काम होतं.

पाचवी पायरी: उजव्या रकान्यातलं एकेक खोडा

एका वेळी एकच. सगळे नियम एकदम खोडले की काहीही चालतं आणि मग भिंतीला भोकं पडायला लागतात. एक खोडा, मग परत सरळ विचार करून बघा की आता रस्ता पुढे जातो का, नाही गेला तर तो नियम परत लिहा आणि दुसरा खोडा.

नऊ ठिपक्यांचं कोडं सगळ्यांना माहीत असतं, तीन ओळी, ओळीत तीन ठिपके, पेन न उचलता चार सरळ रेघांत सगळे ठिपके जोडायचे. सॅम लॉइड या अमेरिकन कोडेकाराच्या १९१४ च्या कोड्यांच्या जाडजूड संग्रहातही ते आहे. चौकोनाच्या आत राहून कसंही करा, एक ठिपका उरतोच. मग कोणीतरी शहाणा खांद्यावरून वाकून म्हणतो "आउट ऑफ द बॉक्स विचार कर", आणि वाटतं की झालं, एवढंच होतं. पण होत नाही! वाइसबर्ग आणि अल्बा या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हे तपासून छापलं होतं, लोकांना सरळ सांगितलं की रेघा चौकोनाच्या बाहेर न्या, तरी बहुतेकांना कोडं सुटलं नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण मलाही सांगूनसुद्धा सुटलं नव्हतं.

का सुटत नाही? कारण उजव्या रकान्यात नियम एक नसतो, दोन असतात. एक, बाहेर जायचं नाही. दोन, रेघ वळेल ती ठिपक्यावरच वळेल. पहिला खोडला तरी दुसरा तसाच बसून राहतो, माणूस बाहेर जातो आणि रिकाम्या जागेत वळायचं धाडस होत नाही म्हणून परत येतो. दोन्ही खोडा आणि मग बघा. वरच्या डाव्या ठिपक्यापासून उजवीकडे निघा, तिन्ही ठिपके पार करून अजून एक ठिपका असता तर जिथे असता तिथपर्यंत जा. तिथून तिरके खाली डावीकडे या, वाटेत मधल्या ओळीतला उजवा आणि खालच्या ओळीतला मधला ठिपका लागतो, तसेच पुढे चौकोनाच्या खाली डाव्या बाजूपर्यंत उतरा. आता सरळ वर, डावीकडचे तिन्ही घेत पुन्हा सुरुवातीच्या ठिपक्यावर. आणि शेवटची तिरकी, मधला ठिपका घेऊन खालच्या उजव्या कोपऱ्यात. चार झाल्या. ठिपक्यांना जाडी असते आणि रेघ मध्यातूनच गेली पाहिजे असं कुठे म्हणलंय हा तिसरा नियम खोडला तर किंचित तिरक्या, खूप लांब अशा तीन रेघांतही होतं. आणि हातात जाडजूड ब्रश असेल तर एकाच फराट्यात. ते मात्र मला स्वतःला चावटपणा वाटतो.

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचं कोडंही या पायरीतच मोडतं. होडीत माणसाबरोबर एकच मावतं, माणूस नसेल तर वाघ शेळीला खातो, शेळी गवत खाते. युरोपात हेच कोडं लांडगा, शेळी आणि कोबी असं आहे आणि ते आल्क्विन नावाच्या पंडिताच्या नावावर असलेल्या साधारण बाराशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन संग्रहात सापडतं, म्हणजे लोक कधीपासून त्याच एका जागी अडकतायत बघा. शेळी नेली, परत आलो, वाघ नेला, आणि इथे माणूस ठप्प होतो. उजव्या रकान्यात कोणता नियम दडलाय? "एकदा पलीकडे नेलेलं परत आणायचं नाही." तो खोडला की झालं, वाघ ठेवून येताना शेळी परत आणा, तिला अलीकडे ठेवून गवत न्या, मग रिकामे या आणि शेळी न्या. सात फेऱ्या, जाऊन-येऊन सगळ्या धरून.

सहावी पायरी: उत्तर सापडलं की ते पाडायला बघा

आडव्या उडीनंतर माणूस एवढा खूश असतो की तपासतच नाही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एक छोटा प्रयोग छापला होता, तो घरी कोणावरही करून बघा. सांगायचं की २, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या नियमात बसतात, तुम्ही असेच तीन-तीन आकडे सांगा, मी बसतं की नाही एवढंच सांगेन, नियम ओळखा. समोरचा म्हणतो ८, १०, १२. बसतं. २०, २२, २४. बसतं. दोन-दोनने वाढणारे, हाच नियम! नाही. नियम फक्त एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने पाहिजेत. १, २, ५० म्हणून बघायला काय जात होतं, पण आपलं उत्तर खोटं ठरेल असा प्रश्न विचारायला माणसाचा हात धजत नाही.

तर कोड्याच्या उत्तराला दोन ठिकाणी चिमटा काढा. एक, डाव्या रकान्यातली प्रत्येक अट पाळली गेली का, एकेक वाचून टिक करा. दोन, उत्तर प्रत्येक शक्यतेत चालतं का, नशिबावर तर नाही ना अवलंबून. "पहिलं बटण चालू करून आत जा, पेटला असेल तर तेच" हे तीनातून एकदाच चालतं, ते उत्तर नाही.

आणि उत्तर पक्कं झालं तर ताणून बघा. बल्बच्या युक्तीत आपल्याला आता दोन गोष्टी कळतात, उजेड आणि उष्णता, प्रत्येकी दोन प्रकार, म्हणजे चार उत्तरं. मग तीनच बटणं का, चार बटणांचं पण सुटलं पाहिजे. सुटतं. पहिलं आणि दुसरं दहा मिनिटं चालू ठेवा, मग पहिलं बंद करा, तिसरं चालू करा आणि लगेच आत जा. पेटलेला आणि गरम असेल तर दुसरं, पेटलेला पण अजून गार असेल तर तिसरं, विझलेला गरम असेल तर पहिलं, विझलेला गार असेल तर चौथं. इथे मात्र खरंच पळत जावं लागतं.

हो-नाहीची कोडी

हा प्रकार थोडा वेगळा आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे प्रश्न विचारतात, आणि त्याने फक्त हो, नाही किंवा संबंध नाही एवढंच म्हणायचं. सगळ्यात घासलेलं उदाहरण म्हणजे लिफ्टवाला माणूस. तो दहाव्या मजल्यावर राहतो, रोज सकाळी लिफ्टने खाली जातो, येताना मात्र सातव्यावर उतरून तीन मजले चढतो. सोबत कोणी असेल तर किंवा पाऊस असेल तर थेट दहाव्यापर्यंत लिफ्टने. का?

नवीन माणूस लगेच गोष्टी रचायला लागतो, व्यायाम करायचाय का, सातव्यावर मैत्रीण राहते का, कोणाला टाळतोय का. प्रत्येक प्रश्नात एकच शक्यता मरते, असे पन्नास प्रश्न जातील. त्याऐवजी निम्मं जग कापणारे प्रश्न विचारा. कारण लिफ्टमध्ये आहे का? नाही. माणसात आहे का? हो. त्याने ठरवून केलेलं आहे का? नाही. म्हणजे नाईलाज आहे. त्याच्या शरीराशी संबंध आहे का? हो. सोबतचा माणूस असं काही करतो का जे याला जमत नाही? हो. पावसात त्याच्याकडे एखादी जास्तीची वस्तू असते का? हो. आता छत्री दिसायला लागली ना? माणूस बुटका आहे, हात सातव्या बटणापर्यंतच पोचतो, छत्रीच्या टोकाने दहावं दाबतो. सहा प्रश्न लागले. इथेही हिशोब तोच आहे, प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्या होत असतील तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून जास्त शक्यता वेगळ्या होतात, म्हणून घाई नको, मोठे मोठे तुकडे पाडा.

या प्रकारात काही कोडी नुसती फालतू असतात हेही सांगून ठेवतो. ज्यात उत्तर ऐकल्यावर "अरे हो की!" असं कपाळावर हात मारून म्हणावंसं वाटतं ते चांगलं कोडं. ज्यात उत्तर ऐकल्यावर "हे कुठे सांगितलं होतं?" असं वाटतं ते घालणाऱ्याचं पाप, तिथे स्वतःला मठ्ठ समजू नका.

१७ उंटांची वाटणी मला या दोन्हींच्या मधली वाटते. वडील तीन मुलांना सांगून गेले, मोठ्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा, उंट १७. शहाणा माणूस येतो, स्वतःचा उंट घालून १८ करतो, ९, ६ आणि २ वाटतो, बेरीज १७, आणि आपला उंट घेऊन निघून जातो. टाळ्या! पण मोजा जरा. निम्मे, तिसरा आणि नववा मिळून एक होतच नाही, अठरावा भाग कमी पडतो, म्हणजे वडिलांनी सगळे उंट वाटलेच नव्हते. त्या शहाण्याने वाटणी नाही केली, उरलेला तुकडा तिघांत त्याच प्रमाणात पसरवला. निम्मे म्हणजे साडेआठ, मोठ्याला ९ मिळाले. तक्रार कोण करणार, सगळ्यांनाच जास्त मिळालं.

सरावाला काय घ्यायचं

सुरुवात काड्यांपासून करा कारण हातात धरता येतं. मग ठिपके, मग नदी. पूल आणि टॉर्चचं घ्या, चौघांना पूल ओलांडायला १, २, ५ आणि १० मिनिटं लागतात, एका वेळी दोघेच, टॉर्च एकच आणि तो घेतल्याशिवाय जाता येत नाही, हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालायचं, कमीत कमी किती वेळात सगळे पलीकडे? सगळ्यांत चपळ माणसाने प्रत्येकाला सोडून यायचं असा नियम बहुतेक जण स्वतःच घालतात आणि १९ मिनिटांवर अडकतात. ५ आणि १० वाल्यांना एकत्र पाठवा, १७ मध्ये होतं: १ आणि २ जातात, १ परत, ५ आणि १० जातात, २ परत, १ आणि २ जातात.

कधीकधी "होत नाही" हेच उत्तर असतं, त्याचीही सवय हवी. बुद्धिबळाच्या पटाचे तिरके समोरासमोरचे दोन कोपरे कापले, उरली ६२ घरं, प्रत्येकी शेजारशेजारची दोन घरं झाकणाऱ्या ३१ सोंगट्यांनी पट पूर्ण झाकता येईल का? आकडा जुळतोय म्हणून लोक तासन् तास मांडत बसतात. घरांची संख्या मोजू नका, रंग मोजा. तिरके समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात, म्हणजे एका रंगाची ३० घरं उरली आणि दुसऱ्याची ३२, आणि प्रत्येक सोंगटी एक काळं एक पांढरं झाकते. खेळ खल्लास.

अडलात तर सोडा आणि उठा. पण उठण्याआधी भिंत कुठे आहे ते एका वाक्यात लिहून ठेवा, "मला तिसरं उत्तर हवंय" किंवा "मला कड नसलेली आकृती हवीये" असं. नुसतं वैतागून उठलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून वैतागावं लागतं, हा स्वानुभव.

एक कोडं न सोडवता ठेवतो. दोन दोऱ्या आहेत, प्रत्येक दोरी एका टोकाने पेटवली की बरोबर एका तासात जळून संपते, पण जळण्याचा वेग सारखा नाही, कुठे भराभर कुठे हळू, म्हणजे अर्धी दोरी जळाली म्हणून अर्धा तास झाला असं नाही. घड्याळ नाही, पट्टी नाही, काड्यापेटी आहे. ४५ मिनिटं मोजायची आहेत. रेघ मारा, दोन रकाने करा, उजवीकडे पहिलं काय येतंय ते बघा. दोरीला टोकं दोन असतात, याहून जास्त मी काही बोलणार नाही.